जर्मन कॅमेऱ्याचा कोल्हापुरी कारखाना

जर्मन कॅमेरे आज कुठे तयार होतात, असं सर्जेराव मिस्त्रींना कुणी विचारलं की ते तोंडाने उत्तर देत नाहीत. हातातलं काम थांबवतात, तेलकट बोट खाली करतात आणि आपल्याच पायाखालची जमीन दाखवतात. ती जमीन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. तिच्यावर पत्र्याचं एक शेड, त्यात एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी : ‘जर्मन कॅमेऱ्याचा कारखाना. पंपाची कामेही केली जातील.’

शेजारी माझं बेअरिंगचं दुकान. अठरा वर्षं त्यांच्या लेथचा आवाज ऐकते आहे, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा थोडा हक्क मला आहे.

या कारखान्याचं एकूण उत्पादन एक कॅमेरा. तोही नवा नव्हे. पेटीसारखा चौकोनी, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. पोटाशी धरायचा आणि विहिरीत डोकावल्यासारखं वरून बघायचं. आत रुंद फिल्मचा रोल बसतो, त्यात बारा फोटो. कॅमेरा खरं म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या भावाचा, बळवंतदादांचा. दादांचा मुरगूडला फोटो स्टुडिओ होता. फार वर्षांपूर्वी आतल्या एका चाकाचे दाते झिजले, तसलं चाक कुठे मिळेना, म्हणून दादांनी कॅमेरा भावाकडे टाकला. मिस्त्रींनी पितळेचं चाक करून दिलं आणि मग ते थांबलेच नाहीत. रोल फिरवायचं हँडल केलं, मागच्या झाकणाची कडी केली, स्प्रिंगा केल्या. वरची दुधी काच त्यांनी इंजिनचे व्हॉल्व घासायच्या पेस्टने साधी काच घासून तयार केली. बाहेरचं कातडं चपला करणाऱ्या मित्राकडून आणलं. नव्या कोल्हापुरी पायताणाचा वास येणारा जर्मन कॅमेरा जगात दुसरा नसावा. मूळचं आता उरलंय ते दोन भिंगं आणि नावाची पट्टी.

“काच मातर त्यांचीच,” मिस्त्री सांगतात. “काचंला नावं ठिवायची न्हाईत. बाकी दात्याला पितळ मऊ वापरल्यालं. मी कळवलंतं त्यास्नी.”

खरंच कळवलं होतं. सुधारलेलं चाक कापसात गुंडाळून जर्मनीच्या कारखान्याला पाठवलं, सोबत मराठीत पत्र. पाकीट चार महिन्यांनी न उघडता परत आलं. त्या पत्त्यावर कारखानाच राहिला नव्हता.

“मिस्त्री, तिकडं बंद पडलं म्हणे सगळं,” मी म्हटलं.

“बंद पडलं ते त्यांचं. आमचं चालू हाय की.” पाटी त्याच आठवड्यात लागली.

आमच्या गल्लीत खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली जातात. मिस्त्रींच्या पाटावर व्हर्नियर आणि पान्यांच्या मधोमध कॅमेरा असतो, डोक्यावर झेंडू. सगळे कामगार धुतलेल्या कपड्यांत जमलेले, कुणीतरी म्हणतंच, मिस्त्री, काढा की एक फोटो. मिस्त्री भडकतात. “पुजल्यालं हत्यार हाय ते! आज हात लावायचा न्हाई.”

“अहो, वर्षातून एकदाच तर माणसं जमतात.”

“मग लेथबी चालवू व्हय आज? पंपाचं काम करू?”

त्यामुळे दर वर्षी गल्लीचा फोटो मोबाइलवर निघतो आणि त्यात मधोमध, हार घालून, कॅमेरा बसलेला असतो.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून जुने कॅमेरे जमवणारे एक गृहस्थ आले. हातात मऊ कापडाची पिशवी, पायात पांढरे बूट. उद्यमनगरात पांढरे बूट म्हणजे धाडसच. “आपले बंधू बळवंतराव यांनी पाठवलंय,” ते म्हणाले. “कॅमेरा त्यांचाच आहे ना? मला देऊन टाका, असं म्हणाले. आता फोटो काढायचे नाहीत म्हणाले.”

मिस्त्रींनी लेथ बंद केला. तो कामाच्या वेळात बंद झालेला मी त्याआधी फक्त वीज गेल्यावर पाहिला होता.

“मालक म्हणाला म्हून द्यायचा?” ते म्हणाले. “मालकाला याड लागलंय.”

“निदान बघू तर द्या.”

बघायला दिला. गृहस्थांनी झाकण उघडलं, हँडल फिरवलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. “अहो, हा जर्मन नाहीच! यातलं काहीच मूळचं नाही. आणि ही बटणं सगळी डाव्या बाजूला कशी? हा माझ्या काही उपयोगाचा नाही.”

आता यावर माणसाने सुटकेचा श्वास टाकावा की नाही? पण द्यायला तयार नसणं वेगळं आणि कुणी नाकारणं वेगळं. “न्हाई म्हणणारा तू कोण रे? हितं काय पोरगी दाखवाय ठिवलीया? चल, हो भाईर!” पांढरे बूट काळे होऊन गेले.

मी मात्र त्या गृहस्थांचाच प्रश्न पुन्हा विचारला. “मिस्त्री, सगळं डावीकडं कशाला घेतलंय?”

ते लेथचा चक पुसत राहिले. “दादाची उजवी बाजू गेलीया न्हवं. झटका आल्याला. डावा हात चांगला चालतोय. तरी खुर्चीत बसून ऱ्हातोय आन् म्हणतोय, माझं संपलं.” मग लगेच आवाज चढवून म्हणाले, “संपलं म्हणं! त्याच्यापायी चार म्हैनं झालं पंपाची कामं मागं टाकतोय मी.”

दुसऱ्या दिवशी मला मुरगूडला माल पोचवायचा होता. मी टेम्पो चालू केला, तर मिस्त्री न विचारता शेजारी येऊन बसले, मांडीवर रोल भरलेला कॅमेरा.

बळवंतदादा पडवीत खुर्चीवर होते. भावाकडे बघितलंही नाही. जड जिभेने म्हणाले, “दिऊन टाक म्हटलं हुतं तुला.”

“घेत न्हाई त्यो. आणि मला माल तपासून पायजे. तपासल्याबगर माल कारखान्यातनं जात न्हाई.”

“कुणाचा कारखाना?”

“तुझा न्हवं, माझा. गप बस.”

मिस्त्रींनी खुर्चीच्या हाताला एक क्लॅम्प आवळला, त्यावर कॅमेरा बसवला आणि दादांचा डावा हात उचलून हँडलवर ठेवला. हात तसाच पडून राहिला. मिस्त्री उभे. मी उभी. मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं, पण मी घड्याळ बघितलं नाही.

मग हात हलला. हँडल फिरलं. दादांनी मान खाली घातली, बराच वेळ आत बघितलं आणि एकदम ओरडले, “उजेडात हो की, सर्ज्या! भित्तीला काय चिकटलायस? मान सरळ कर!”

उभ्या उद्यमनगरात ज्या माणसाला कुणी दोन पावलं सरक म्हणू शकत नाही, तो दोन पावलं सरकला. मान सरळ केली. टोपी नीट केली. श्वाससुद्धा धरला.

खट्.

“कळ जड हाय,” दादा म्हणाले. “बोट दुखतंय. हलकी करून आण.”

इतर कुणी खोट काढली असती तर मिस्त्रींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून तळहातावर लिहून घेतलं. “कवा आणू?”

“उद्या. अकरा फोटू ऱ्हायल्यात अजून.”

येताना मिस्त्री कॅमेरा पोटाशी धरून बसले होते. कागलच्या अलीकडे मला म्हणाले, “वैनी, जरा दाबा की. उद्या माल द्यायचा हाय.”