सपनात आलेला दोडका

आमच्या शेजारच्या काशीनाथ आबाजींच्या स्वप्नात भाज्या येतात. नुसत्या येत नाहीत, गाऱ्हाणी घेऊन येतात. सकाळी मी पिठाच्या चक्कीचा पट्टा चढवत असतो, तेवढ्यात आबाजी अंगावर घोंगडं घेऊन दारात उभे.

"दत्तू, काल दोडका आला होता गा सपनात."

"काय म्हणाला?"

"रडून राह्यला होता. म्हने, तुमच्या घरी मले कोनी पुसत नाई. वेलावरच म्हातारा होऊन राह्यलो."

आता हा दोडका खरं तर तेलुगूत रडतो, कारण त्याचं बी आदिलाबादच्या दुकानातलं. आबाजी आम्हाला त्याचा तर्जुमा करून सांगतात. वांगं मराठीत बोलतं; ते आबाजींच्या सासुरवाडीचं, पैनगंगेपलीकडचं. बटाटा बाहेरचा, म्हणून हिंदीत. अंबाडीला सगळ्या भाषा येतात, पण ती फार फटकळ आहे.

मी एकदा विचारलं, "आबाजी, जिलबी नाही येत का कधी?"

"येते ना. पन थे बोलत नाई. दारात उभी राहून नुसती पाह्यते." एवढं सांगून आबाजींनी असा सुस्कारा सोडला की मलाच भूक लागली.

पैनगंगेच्या अलीकडच्या, भीमपूरकडच्या आमच्या गावात कापूस आणि सोयाबीन सोडून दुसरं बोलणं नसतं. तिथे नदीच्या वाटेवर भाजीची वाडी करणारे आबाजी आधीच जरा वेगळे. पण स्वप्नांचं हे प्रकरण जुनं नाही. ते सुरू झालं गौरीमुळे.

गौरी ही आबाजींची नात, चौथीत शिकते. तिचा बाप विलास रोज तीनचाकी टेम्पोत भाजी घालून आदिलाबादच्या बाजारात नेतो आणि येताना लेकीसाठी पाकिटं आणतो. कुरकुरीत, खारट, रंगीत. दिवसभर घराबाहेर असलेल्या बापाला माया दाखवायला सोपा रस्ता सापडला होता. संध्याकाळी गौरी टीव्हीपुढे बसे, हात पाकिटात, डोळे पडद्यावर. पोर गोल होत गेली. शाळेतली पोरं तिला 'कापसाची गाठ' म्हणू लागली, तशी ती अंगणातही येईनाशी झाली. आधी आमच्या चक्कीपुढे लंगडी घालून माझं डोकं उठवायची. आता दाराच्या फटीतून इतरांचा खेळ बघायची. मला ते बघवत नसे.

शाळेत तपासणी झाली, मग आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "वजन वयाच्या मानानं बरंच जास्त आहे. घरातल्या सवयी आत्ताच बदला, नाहीतर पुढे शुगर लवकर गाठेल."

आबाजींची सून सुनीता घाबरली. तिनं आपल्याकडची कोणतीही बाई करेल तेच केलं: पोरीला सोमवार आणि शनिवार धरायला लावले. उपासाला साबुदाण्याची उसळ, वरून कूट, तुपातला बटाटा, शेंगदाण्याचे लाडू. देवाचं म्हटल्यावर वाढणारीनं हात आखडायचा नाही आणि खाणारीनं नाही म्हणायचं नाही. गौरी इतकी भाविक झाली की गुरुवारही धरू का, असं आपणहून विचारू लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहिलं, सुनीताकडे पाहिलं.

"उपास करूनही वाढलं?"

"मलेबी तेच समजत नाई मॅडम. देवाचं काई चुकलं का?"

उपासाला काय काय असतं, ते सुनीतानं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि पोटभर हसून घेतलं. मग नीट समजावलं. एकट्या पोरीला काही करायचं नाही. तिचं ताट वेगळं काढायचं नाही, तिला उपाशी ठेवायचं नाही, जाड म्हणायचं नाही. साऱ्या घरानं एकच स्वयंपाक खायचा, टीव्ही बंद करून एकत्र बसायचं, पाकिटं साऱ्यांचीच बंद, आणि रोज साऱ्यांनी चालायचं.

आबाजी बाकावर घोंगडं लपेटून सगळं ऐकत बसले होते, असं विलास सांगतो. त्याच रात्री त्यांच्या स्वप्नात दोडका आला.

मग रांगच लागली. चवळीच्या शेंगेनं विचारलं, "तुमी जेवता तवा त्या टीव्हीकडं पाह्यता, माह्याकडं काऊन नाई पाहत?" त्या दिवसापासून जेवताना टीव्ही बंद. विलास पुन्हा पाकिटं घेऊन आला त्या रात्री अंबाडी स्वप्नात येऊन विलासला असं काही बोलली, की ते सुनेपुढं सांगता येणार नाही, असं आबाजी म्हणाले. विलासनं पाकिटं आणणं सोडलं. आता तो येताना बोरं आणतो, पेरू आणतो. पुढे खुद्द नदीची वाट स्वप्नात आली. म्हणाली, माणसाचे पाय लागले नाहीत बाप्पा कधीचे, सगळे गाडीवरच जातात. झालं, संध्याकाळी सगळं घर पायी वाडीकडे निघालं.

या साऱ्यात गौरीचं नाव आबाजींनी एकदाही घेतलं नाही. दोडका रुसायचा तो विलासवर, मेथी चिडायची ती सुनीतावर. एकदा भोपळा माझ्याच पोटाबद्दल बोलून गेला, म्हणून मीही चालायला लागलो.

गावानं आधी खिल्ली उडवली. पण स्वप्नं ऐकायला पोरं जमू लागली आणि मागोमाग आमच्याबरोबर चालायलाही लागली. तेव्हाच्या सगळ्या संध्याकाळी अजून माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, अंधारातही पांढरा. शेकोट्यांचा धूर जमिनीलगत तरंगत असायचा, त्यात पोरं कमरेपर्यंत बुडायची. नदीपलीकडे महाराष्ट्रातले दिवे लागलेले. बोलावंसं वाटत नसे, थांबावंसंही वाटत नसे. गौरी आधी आईचा पदर धरून चालायची. मग पदर सुटला.

परवा पहाटे मी कोथिंबीर घ्यायला वाडीवर गेलो. धुकं एवढं होतं की वाडी सगळी पाण्याखाली गेल्यासारखी. आबाजी राखणीच्या माचीवर बसलेले.

"काय आबाजी, आज कोण आलं होतं?"

त्यांनी धुक्यात कोणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "कोनीच येत नाई गा. सपन पडाले झोप तं याले पाह्यजे."

मी माचीच्या कडेला टेकलो.

"माह्या म्हातारीले शुगर होती, तुले मालूमच हाय. तळपायाची आग होये तिच्या. रातभर चोळत बसाचो. थे गेली, पन हात तसेच जागे राह्यले. मंग बसून बसून जुळवतो, उद्या कोनाले रडवाचं, कोनाले बोलवाचं." त्यांनी घोंगडं सावरलं. "पोट्टीले जाड म्हनाले आपलं तोंड उचलत नाई दत्तू. अन् तिचे पाय चोळाचीबी ताकद नाई आता."

मी कोथिंबिरीच्या वाफ्यात वाकलो.

तेवढ्यात धुक्यातून कालवा ऐकू आला. गावातली पोरं पळत येत होती आणि सगळ्यात पुढे गौरी, धापा टाकत, हसत. "आबाजी, आज कोन आलं?" पोरं ओरडली.

मी मान वर केली. आबाजींची मान छातीवर कलली होती. घोरत होते.

एक पोरगा त्यांना हलवायला पुढे झाला. गौरीनं त्याचा हात धरून मागे ओढलं. "उठवू नको. झोपू दे त्यायले."

"पन सपन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "काका, त्यायले सपनं पडत नाई. रातभर जागे राह्यतात, मी पाह्यते ना. पन दोडका आता चांगला लागते मले."

मग तिनं सगळ्यांना बांधावरून लांब नेलं, आवाज पोचणार नाही इतकं लांब. धुक्यात त्यांचे पळणारे पाय तेवढे दिसत होते. मी घसरलेलं घोंगडं आबाजींच्या खांद्यावर नीट ओढलं आणि ऊन येईपर्यंत माचीखाली बसून राहिलो, कोणी येऊन हाक मारू नये म्हणून.