माझा नसलेला मुलगा दुसरीत जातो

मला एक मुलगा आहे, ही बातमी मला प्रथम सत्तारभाईंकडून कळली. दिवस गेल्या डिसेंबरमधील दुसरा रविवार, वेळ सकाळची, स्थळ जळगावातील आमच्या घराचा जिना. सत्तारभाई हे माझे घरमालक. खाली त्यांचे गाद्या भरण्याचे दुकान आहे आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. दाढीत अडकलेला कापूस वेचीत ते म्हणाले,

"सर, तुमच्या चौकशीला माणूस आला होता. शिरपूरचा. मी सगळं चांगलंच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, लडका एकदम शरीफ. दारू नाही, सिगरेट नाही, यारदोस्त नाही. संध्याकाळी कॉलेजातून येतो आणि सीधा आपल्या पोराजवळ बसतो."

"कोणाच्या पोराजवळ?"

"तुमच्या." सत्तारभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही कधी विचारलं का सर? नाही. माणसाची मजबुरी असते. आमची बेगम अकबरी तर म्हणते, बिन आई का बच्चा, पण सरांचा आवाज कधी चढत नाही."

"तुम्ही त्याला कधी पाहिलंत?"

"नाही. पण आवाज रोज येतो."

"मग तो शाळेत कसा जातो?"

"मागच्या दाराने."

"मागे दार नाही, सत्तारभाई."

"तेच मी अकबरीला म्हणालो," ते शांतपणे म्हणाले.

येथे काही बाबी क्रमाने स्पष्ट करणे आवश्यक आहे. माझे नाव ज्ञानेश्वर. मी संख्याशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असून एका महाविद्यालयात घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवतो. (म्हणजे मी प्राध्यापक आहे, पण घड्याळाकडे पाहून.) या तत्त्वामुळे माझी बहुतेक स्थळे "परमनंट आहे का?" या पहिल्याच प्रश्नावर गळाली होती. शिरपूरची हेमलता हे चौकशीपर्यंत पोहोचलेले पहिलेच स्थळ. ती औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन एका मेडिकलमध्ये काम करते. भेट एकदाच झाली होती. तीत तिने मला "झोप नीट लागते का?" असे विचारले होते आणि त्या प्रश्नातील आस्थेने माझी झोप उडाली होती.

आमच्याकडे पत्रिका जुळली आणि फोटो पसंत पडला, तरी खरा निकाल चौकशीत लागतो. मुलीचा मामा कोणालाही न सांगता मुलाच्या गल्लीत येतो, टपरीवर चहा पितो आणि घरमालक, शेजारी, दुकानदार यांच्या साक्षी घेऊन निघून जातो. या सर्व प्रक्रियेत ज्याला काहीही विचारले जात नाही अशी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे मुलगा.

आता माझ्या दुर्बलतेविषयी. मी 'गोटू गेंडा' पाहतो. ही लहान मुलांसाठीची कार्टून मालिका आहे. गोटू हे शिंग न फुटलेले एक पिल्लू असून प्रत्येक भागाच्या शेवटी ते आपल्या वडिलांना विचारते, "बाबा, मी मोठा झालो का हो?" वडील काहीच बोलत नाहीत, नुसते त्याच्याकडे पाहतात आणि भाग संपतो. ही शांतता मला सहन होत नाही. दिवसभर चार तास शिकवून आणि पाचव्या तासासाठी प्राचार्यांच्या दारात उभे राहून आलेला माणूस मी. त्यामुळे वडिलांच्या वतीने मीच मोठ्याने उत्तर देतो, "होशील रे, होशील."

पूर्वी हा संवाद एकतर्फी ऐकू जात असे, कारण मी इअरफोन लावत असे. त्याची एक बाजू बिघडली तेव्हा मी विचारपूर्वक असा निर्णय घेतला की खोलीत मी एकटाच असताना नवीन इअरफोन घेणे हा अपव्यय आहे. माझा संपूर्ण संसार जवळजवळ ज्याच्यामुळे बुडाला, तो निर्णय हाच. तेव्हापासून रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर कापूस पिंजता पिंजता सत्तारभाई एका पोराचा "बाबा, मी मोठा झालो का हो?" हा प्रश्न आणि त्यावर एका बापाचे उत्तर ऐकत होते. अकबरीआपांचे डोळे म्हणे भरून येत.

दुसरी साक्ष गोपालशेठची. बाजारात त्यांचे शालेय वस्तूंचे दुकान आहे. तेथे मी एकदा गोटूचे चित्र असलेली पाण्याची बाटली उचलली, तेव्हा त्यांनी सहज विचारले, "पोरासाठी का सर?" मागे माझे दोन विद्यार्थी वह्या घेत उभे होते. मी "हो" म्हणालो. "कितवीत?" मी "पहिलीत" म्हणालो. असत्य बोलणे मला आवडत नाही. परंतु एकदा बोललेल्या असत्याशी प्रामाणिक राहणे मी कर्तव्य समजतो. म्हणून जूनमध्ये गोटूचा कंपास घेताना मी त्याला दुसरीत घातले. "पास झाला वाटतं!" गोपालशेठ कौतुकाने म्हणाले. "गणितात पैकीच्या पैकी," असे मी म्हणून गेलो. (हा तपशील अनावश्यक होता, हे आज मान्य करतो.) हेमलताच्या मामांना, म्हणजे जीवराममामांना, सत्तारभाईंनी मोठ्या आपुलकीने या दुकानापर्यंत पोहोचवून दिले होते.

त्याच रविवारी दुपारी भडगावहून आईचा फोन आला. शिरपूरचा नकार तिच्यापर्यंत पोहोचला होता. मला तिचे रडणे अपेक्षित होते. तिने अगदी खालच्या आवाजात अहिराणीत विचारले,

"ज्ञाना, नाव काय ठेवं रे त्यानं?"

"आई, तसं काहीच नही."

"कोनासारखा दिखस? तुनासारखा का?"

"आई, तो गेंडा शे!"

आईने पदराने नाक पुसल्याचे फोनवर ऐकू आले.

"असं नको बोलू रे," ती म्हणाली. "कसाबी व्हई, आपलं रगत शे."

माझ्यापुढे दोनच मार्ग होते: गुप्त मुलाचा बाप म्हणून हेमलताला गमावणे, किंवा सत्ताविसाव्या वर्षी कार्टून पाहतो हे तिच्या सर्व वडीलधाऱ्यांसमोर कबूल करणे. यांत अधिक लाजिरवाणे काय, याचा निर्णय मला दोन दिवस करता आला नाही. तिसऱ्या दिवशी ती झोपेची चौकशी आठवली आणि मी शिरपूरला निघालो.

आबा, म्हणजे माझे वडील, भडगावहून परस्पर धुळ्याच्या बसस्थानकावर आले. माझी सगळी हकीकत त्यांनी शेंगदाणे खात ऐकली. मग म्हणाले, "म्हणजे पोरगं नाही?"

"नाही, आबा."

"खात्रीने?"

"आबा, ही अशी गोष्ट आहे की तिच्याबद्दल मला खात्री असणारच."

"तसं काही सांगता येत नाही," आबा म्हणाले आणि शिरपूरच्या बसमध्ये चढले.

हेमलताच्या घरी पुढच्या खोलीत तिची आजी नानीबाई आणि जीवराममामा बसले होते. बसायला सांगितले गेले, पाणी आले, पण चहाचे कोणी नाव काढले नाही. आमच्याकडे याचा अर्थ स्पष्ट असतो. मी उभे राहून, वर्गात उभा राहतो तसा, सविस्तर निवेदन केले. मुद्दे तीन होते: मूल नाही, मालिका आहे, इअरफोन बिघडला आहे. पुरावा म्हणून मोबाइलमध्ये साठवलेले सगळे भाग दाखवले आणि पाण्याची बाटलीही समोर ठेवली.

जीवराममामांनी बाटली उलटसुलट केली. "पोराची बाटली."

"माझी आहे."

"मोबाइलात कार्टून भरलंय. पोरासाठीच भरत असतात ना माणसं?"

"मी माझ्यासाठी भरलंय."

"पोरासाठी भरलंय असं कोणता बाप कबूल करेल?"

माझ्या ध्यानात आले की मी जितका पुरावा देत होतो, तितके ते मूल अधिक खरे होत चालले होते. संख्याशास्त्रात अशा वेळी नवीन विदा (म्हणजे माहिती) गोळा करावी असे सांगतात. ती आबांनी पुरवली. घाम पुसण्यासाठी त्यांनी पिशवीतून पंचा ओढला आणि त्याबरोबर लोकरीची एक छोटी पिवळी कानटोपी बाहेर येऊन नेमकी मामांच्या पायाशी पडली.

मामांनी ती दोन बोटांनी उचलून बाटलीशेजारी ठेवली.

"ज्ञानाच्या आईनं दिली," आबा खाली पाहत म्हणाले. "म्हणाली, थंडी आहे. असलाच, तर घाला."

मामा उठले. "चला, नमस्कार. लांबचा प्रवास आहे तुमचा."

"थांब रे जीवराम," नानीबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा माझ्यावर रोखलेला होता. "हाऊ पोऱ्या सांगस की तो रोज देखस. मंग देखू द्या आपले बी. लाव रे."

मी एक भाग लावला. गोटू नदी ओलांडायला निघाला होता. अर्ध्यावर आल्यावर नानीबाईंनी मोबाइल हिसकावून पदराखाली घेतला.

"आते सांग. पुढे काय व्हस?"

"पुढे तो पाण्याला घाबरतो. मग बगळा त्याला सांगतो की..."

"कसा घाबरस?"

"म्हणजे आधी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग तो पाय उचलतो, पण टाकत नाही."

"तसं समजत नही. करी दखाड."

मी आबांकडे पाहिले. आबांनी कानटोपीकडे पाहिले. कोणाकडूनही मदत येण्याची चिन्हे नव्हती. मी इस्त्रीच्या पँटसह सतरंजीवर गुडघे टेकले, दोन्ही हात खाली ठेवले आणि गोटू झालो. प्रथम संकोच वाटला. पण काम अर्धवट करणे माझ्या स्वभावात नाही. मी मान हलवली, पाय उचलला, बगळ्याचे वाक्य बगळ्याच्या आवाजात म्हटले, नदी ओलांडली, पलीकडे पोहोचून अंग झटकले आणि वर मान करून पूर्ण भावनेने विचारले, "बाबा, मी मोठा झालो का हो?"

समोर हेमलता उभी होती. आतून आवाज ऐकून ती काय झाले ते पाहायला आली होती. मी अजून चारही पायांवर होतो. तिने माझ्याकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले आणि तोंडावर ओढणी घेऊन आत पळाली. ती हसली की घाबरली, हे त्या कोनातून निश्चित सांगता येत नव्हते.

"जीवराम," नानीबाई म्हणाल्या, "तुले किती पोरं?"

"तीन. माहीत नाही का तुला?"

"तेस्ले कार्टून लावी देस का नही?"

"बारा वर्षं लावली."

"त्यामानं एक तरी ध्यानमा शे?"

मामा विचारात पडले. "एक मांजर होतं," ते म्हणाले. मग, "की उंदीर? मी झोपायचो, आई. कार्टून लागलं की तेवढीच तर झोप मिळायची."

"हां!" नानीबाईंनी पदराखालचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "पोऱ्यावाला माणूस कार्टून देखस नही, तो झोपस. हाई बठ्ठं ज्याले पाठ शे, त्याले पोऱ्या नही. याले गेंडाच शे!"

इतका निर्दोष युक्तिवाद मी विद्यापीठातही ऐकला नव्हता. मामा पुन्हा बसले. आबांनी कानटोपी घडी करून पिशवीत ठेवली आणि आपल्याला तरी हे आधीपासून ठाऊक होते अशा मुद्रेने मिशीवरून हात फिरवला. नानीबाई आत गेल्या, त्यांच्या मागोमाग मामाही गेले. स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुज चालली. मग कपबशा वाजल्या. चहा आला आणि मागोमाग होकारही आला.

लग्न मे महिन्यात झाले. सत्तारभाईंनी स्वतः भरलेली डबल गादी आहेर केली आणि तिच्याबरोबर एक छोटी गादीही दिली. "राहू द्या सर," ते हळूच म्हणाले, "आम्ही कोणाला सांगत नाही." त्यांची समजूत काढण्याचे प्रयत्न मी आता सोडून दिले आहेत.

एका गोष्टीची मात्र मला आजतागायत खातरजमा करता आलेली नाही: त्या दिवशी स्वयंपाकघरात हेमलता नेमके काय म्हणाली? नानीबाई सांगतात, ती म्हणाली, "जो नसलेल्या पोराला वेळच्या वेळी वरच्या वर्गात घालतो, तो असलेल्या पोरांचं नीट करील." हे वाक्य मला अर्थातच मान्य आहे. परंतु जीवराममामा शपथेवर सांगतात की ती तसे काही म्हणाली नाही. ती म्हणाली, "माणूस ठीकठाक आहे. पण मामा, ते गणितात पैकीच्या पैकी मिळवणारं पोरगं नाहीच म्हणता? मी तर त्याच्याकडे पाहून हो म्हणणार होते."

साक्षीदार दोन आणि साक्षी परस्परविरोधी. तेव्हा मूळ व्यक्तीलाच विचारावे, असे मी ठरवले. जूनमधल्या एका संध्याकाळी गोटू संपल्यावर मी सर्व धैर्य एकवटून हेमलतापुढे हा प्रश्न मांडला. तिने भाजी निवडता निवडता मान वर केली, माझ्याकडे थोडा वेळ गंभीरपणे पाहिले आणि विचारले,

"शाळा सुरू झाल्या. तिसरीत गेला का तो?"