मधोमध ठेवलेला कप

आमच्या विश्वनाथआप्पांनी आजवर कितीतरी देशांना चहा पाजलाय. देश काही यायचे नाहीत. पण बाजारच्या दिवशी ताडकळसला आप्पांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर परराष्ट्र धोरण मंडळाची बैठक भरली, की ज्या देशाचा विषय असेल त्याच्या नावानं एक भरलेला कप मधोमध ठेवायचा. "ज्याचा चहा समोर हाय, त्याला शिव्या द्यायच्या न्हाईत," हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियम, घरचे मसले आणायचे नाहीत.

मंडळ आप्पांनीच काढलेलं. सभासद चार: आप्पा, शेजारचा शिंपी, एक रिटायर कंडक्टर आणि मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून चिटणीस.

"लिव्हा बीए," आप्पा सांगायचे, "दोन्ही देशांनी दोन-दोन पावलं मागं सरावं."

"आप्पा, देशाचा चहा गार व्हायलाय. पिऊ का?" कंडक्टर विचारायचा.

"ही घुसखोरी हाय."

ठराव मी दिल्लीला धाडायचो. उत्तर एकदाही आलं नाही. आप्पा म्हणायचे, "इचार करायलेत. लय मोठं हापिस हाय ते."

याच आप्पांचं सख्ख्या धाकट्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. धुरा हातभर सरकला होता. कुणी सरकवला, ते दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून सांगायचे. हे धाकटे भाऊ, काशिनाथकाका, बैठकीच्या वेळी समोरच्या हॉटेलात आमच्याकडे पाठ करून बसत. कान मात्र इकडंच.

एकदा त्यांनी मला गाठलं. "बीए, तुमच्या मंडळात धुऱ्याचा इषय बसतो का? दादाला इचारा की."

मला हसू आलं. "काका, आमी फक्त परदेश घेतो."

"बरं," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. आप्पांना मी हे सांगितलंसुद्धा नाही. दोन भावांचं भांडण, त्यात चिटणीसानं काय पडायचं, असं वाटलं. पदवीचा ताठा होता, दुसरं काही नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात काशिनाथकाका गेले.

नंतरच्या बैठकीत कप मधोमध होता. "आज कोणता देश, आप्पा?" शिंप्यानं विचारलं.

आप्पा समोरच्या हॉटेलातल्या बाकड्याकडं बघत होते. "लिव्हा बीए. धुऱ्यापासून आमी दोन पावलं मागं सरलो." मग थांबून म्हणाले, "त्यानं एक डाव तरी इचारायचं होतं. तवाच सरलो असतो."

कप गार झाला. कंडक्टरनं त्याला हात लावला नाही. मी ठराव लिहून घेतला. काकांनी विचारलं होतं, हे आप्पांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.