काशीची सोयरीक

धाकूमामांची मुलगी आमच्या सोसायटीत कुणीही पाहिली नव्हती. पण ती रोज संध्याकाळी केस सोडून कुंपणापाशी उभी असते आणि तिला खाण्यात मीठ जास्त लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारण मामाच सांगायचे. "काशीनं काल वाऱ्यात लई त्रास दिला." "काशीला आता उजवायला पायजे." आम्ही मान डोलवायचो, आणि मामा गेले की एकमेकींकडे बघायचो.

मामा तळमजल्यावर एकटे राहतात. उलव्यात बिल्डिंगा उभ्या राहायच्या आधी या जागेवर त्यांचंच घर आणि परस होतं. त्यांच्या दोरीवर एकाच माणसाचे कपडे वाळतात, मोरीत एकच ताट असतं. मग ही काशी राहते कुठे? कुणी म्हणे आतल्या खोलीत कोंडलीय, कुणी म्हणे वेडी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर तिचे पैंजण ऐकले होते. काकूंना तसं बरंच काही ऐकू येतं.

मी सोसायटीची सेक्रेटरी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पार्किंगवरून भांडणारी जिवंत माणसंच मला पुरतात. पण मामांची गॅलरी बरोबर माझ्या गॅलरीखाली. दिवेलागणीला ते खाली बोलत बसायचे, "दमलीस का गो? झोप आता." उत्तर यायचं नाही. नुसता लांबसडक केसांतून कंगवा फिरवल्यासारखा आवाज यायचा. अशा वेळी मी आत जाऊन टीव्ही मोठा करायची.

मग स्थळं बघणं सुरू झालं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि परत आले की जिन्यात मला अहवाल द्यायचे. करावे गावातलं स्थळ नापास, मान बारीक आणि डोक्यावर दाट नाही. दुसरं एक वर्ष कमावतं आणि एक वर्ष बसून खातं. मी बापडी त्यांना विवाहमंडळाचा पत्ता देऊन बसले. शेवटी एकदा आले ते हसतच. मोरा बंदराजवळचं स्थळ जमलं होतं, मामांच्या जुन्या ओळखीच्या हमीदाखालांच्या परसातलं.

"मुलगा काय करतो?" मी विचारलं.

"उभा असतो," मामा म्हणाले. "दर्याच्या तोंडावर. आजवर एका वादळानं त्याला हलवला नाय."

मला वाटलं, नौदलात असेल.

त्यानंतर काही दिवसांनी मी कामावरून परतत होते. ऊन नुकतंच गेलं होतं, दिवे लागायचे होते. कुंपणाच्या कोपऱ्यात पिवळं लुगडं नेसलेली एक बाई उभी दिसली. बारीक आणि ताठ. मी मान वर करत गेले, तर बाई संपेचना. लुगड्याच्या वर डोकं नव्हतं, नुसती मान वर वर गेलेली. आणि तिच्या पायाशी कुणीतरी फाटक्या आवाजात लग्नातलं धवलं गात होतं. माझ्या हातातली भाजीची पिशवी कधी पडली, मला कळलं नाही.

"ये बाय, ये," मामा म्हणाले. "आज काशीला हळद लागली."

काशी म्हणजे माड. परसातला एवढा एकच माड मामांनी बिल्डरकडून हट्टानं वाचवला होता. मी इतकी चिडले होते की त्यांनी मला खुर्ची देऊन सगळं समजावलं. हळद म्हणजे मोऱ्याच्या माडाचे पराग, फडक्यात बांधून आणलेले. चढणाऱ्या गड्यानं वर जाऊन काशीच्या पोयीतली, म्हणजे फुलोऱ्यातली, नरफुलं काढून टाकली, हे पराग मादीफुलांना लावले आणि वर पिशवी बांधली. उंच जातीच्या माडाची ही तऱ्हाच आहे. त्याची स्वतःची नरफुलं आधीच गळून जातात, मादीफुलं मागून उमलतात, त्यामुळे त्याला दुसऱ्याची वाट बघावी लागते. आसपासचे उंच माड तर भराव टाकताना केव्हाच गेले.

"मग गेटवर आहेत ना आपले माड?" मी म्हटलं.

मामांनी कानांना हात लावले. गेटवर आम्ही शोभेचे नारिंगी बुटके लावलेत. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतात आणि लवकर म्हातारे होतात. काशीनं फळायला सात वर्षं घेतली, पण ती तीन पिढ्या बघेल. "बुटक्याला देऊन तिला विधवा करू?" असं त्यांचं म्हणणं. बुटक्यांच्या परागानं धरलेली फळं शहाळ्यापुरती ठीक, बियाण्याला नाहीत, म्हणूनच ती पिशवी. वारा सुटला की गेटवरचे पोरगे काशीकडं बघतात म्हणे. तेव्हापासून गेटमधून जाताना मीसुद्धा त्यांच्याकडे जरा संशयानंच बघते.

मी छेडलं, "जात एवढी बघता, आणि सोयरीक खालांच्या परसात?"

"जात माडाला लागते, बाय. मानसाला कशाला पायजे?"

खालाही काही कमी नव्हत्या. फळ धरल्याचं कळताच त्यांनी मोऱ्याहून सुनेसाठी टोपलीभर बांगडे पाठवले. मामांनी ते मुळाशी पुरले, आणि आठवडाभर आख्ख्या सोसायटीनं नाकाला रुमाल लावला.

हे सगळं गोडीनं चाललं असतं. पण एक दिवस वाळकी झावळी चेअरमनसाहेबांच्या नव्या गाडीच्या काचेवर आली. साहेब सेकंदभर आधीच उतरले होते. त्यांना ते नशीब वाटलं नाही. माड तोडायचा, तोही पावसाच्या आत, असं कमिटीत ठरलं. आता फक्त मीटिंगमध्ये हात वर व्हायचे होते.

मामा माझ्या दारात आले. आत आले नाहीत. नारळ पिकून बियाणं व्हायला वर्ष लागतं, तेवढं थांबा, म्हणाले. गेली तर या अंगणातली उंच जात संपली, पुन्हा आणायची कुठून? मग चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "पोटुशी हाय ती. पोटुशीवर कोनी कुऱ्हाड चालवतं का, बाय?"

मीटिंगमध्ये मी तेच वाक्य जसंच्या तसं बोलले, आवाज जरा खाली आणून. नेमका तेव्हाच खिडकीबाहेर तो कंगव्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नको गं बाई, तळतळाट लागेल." आणि हात मांडीवरच राहिले. चेअरमनसाहेबांचासुद्धा. विषय पुढे ढकलला आणि माडाखाली जाळी बांधायचं ठरलं. नारळ पिकले तेव्हा मामांनी एकही खाली टाकू दिला नाही, दोरीनं एकेक अलगद उतरवला.

परवा दुपारी मामा बर्फीचा पुडा घेऊन आले. काखेत कोंब फुटलेला नारळ होता.

"नात झाली," म्हणाले.

मी खाली गेले. काशीचं एक शहाळं काढून ठेवलं होतं. मामांनी ते सोलून तोंडाला लावलं आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, काशीची शहाळी आख्खी सोसायटी प्यायली, पण मामांना कधी पिताना पाहिलं नव्हतं.

"लेकीला पोर होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पानी पिऊ नये," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

"काशी जन्मली तवा तिची नाळ या माडाच्या मुळाशी पुरली. पोर नि माड संगती वाढली. सातव्या वर्षी ताप आला नि ती गेली. त्याच महिन्यात माडाला पयली पोय आली." बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "मग मना कललं, ती कुटं गेली ते."

एवढी वर्षं गॅलरीतून आत जाऊन टीव्ही मोठा करत आल्याचं मला फार वाईट वाटलं.

मामांनी रिकामं शहाळं बुंध्याशी ठेवलं आणि वर बघत म्हणाले, "पोट भरलं गो पोरी."

वारा अजिबात नव्हता. गेटवरचे बुटके गप्प उभे होते. काशीची एक झावळी मात्र सावकाश खाली झुकली आणि पुन्हा वर गेली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी ओढणी सारखी केली आणि वर बघून म्हटलं, "अभिनंदन, काशी."