विष्णुपंतांच्या मोटारसायकलची ट्रायल

विष्णुपंतांनी ती मोटारसायकल घेतली तो दिवस हे सांगणारीने पाहिलेला नाही. ती विकायला काढली तो दिवसही नाही. आणि १९३६ सालच्या फेब्रुवारीतल्या ज्या रविवारी नेपियर टाउनमध्ये तिची ट्रायल झाली, त्या रविवारी सांगणारी जबलपुरातच नव्हती. पुढची हकिकत तिघांच्या तोंडून ऐकलेली आहे. तिघांचे म्हणणे जिथे जुळले तेवढेच येथे घेतले आहे, आणि आकड्यांबाबत जुळले नाही तिथे सर्वांत लहान आकडा धरला आहे. (तरीही तो आकडा मोठाच आहे, याला इलाज नाही.)

विष्णुपंत जिल्हा कचेरीत भाषांतरकार होते. साक्षीदार हिंदीत जे बोलेल ते इंग्रजीत तंतोतंत उतरवायचे, त्यात आपल्या पदरचे काही घालायचे नाही आणि त्यातले काही गाळायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. वीस वर्षांत त्यांनी एकही वाक्य गाळले नव्हते. जे वाक्य त्यांनी गाळले ते घरी, आपल्याच फाटकात, त्या रविवारी सकाळी आठ वाजता.

मोटारसायकल सहा वर्षे त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहत असे. त्यांच्या पत्नी विनताबाई नागपूर विद्यापीठाच्या बी.ए. होत्या. त्यांनी मॅट्रिकला बसणाऱ्या नऊ मुलींचा वर्ग घ्यायचे ठरवले, तारीख ठरवली आणि मग नवऱ्याला सांगितले.

“सोमवारी सकाळी सात वाजता मुली या खोलीत बसतील.”

“आणि ही?” विष्णुपंतांनी मोटारसायकलकडे बोट केले.

“ती मॅट्रिकला बसणार आहे का?”

झाले. गाडी रविवारपर्यंत विकणे प्राप्त होते. गिऱ्हाइकेही आली. पहिल्याला विष्णुपंतांनी खरे ते सांगितले, दुसऱ्याला सांगितले, तिसऱ्याला तर बसायच्या आधीच सांगितले: “गाडी उत्तम आहे, फक्त एकदा सुरू झाली की हिचे इंजिन थांबत नाही.” तिघेही नमस्कार करून गेले. तिसरा पळत गेला.

हे विष्णुपंतांचे म्हणणे अतिशयोक्त नव्हते. ब्रेक चाक थांबवीत, इंजिन थांबवीत नसत; आणि धडधडत्या इंजिनावरून उतरण्याचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला तेव्हा दोन्ही वेळा गाडी त्यांना न घेता पुढे गेली होती. अखेर त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. टाकीखालची पेट्रोलची तोटी आधीच बंद करायची. नळीत उरलेले पेट्रोल संपेपर्यंत गाडी धावते आणि मग आपोआप निवते. प्रश्न फक्त अंतराचा. घरासाठी तोटी कोपऱ्यावरच्या चिंचेपाशी बंद करायची, कचेरीसाठी चर्चच्या फाटकाशी, भाजीबाजारासाठी पाणपोईपाशी. वारा समोरून असेल तर दहा पावले पुढे. ज्या ठिकाणाचा हिशेब बसलेला नव्हता तिथे विष्णुपंत पायी जात. रस्त्यात कोणी ओळखीचे भेटले तर त्यांच्याभोवती फेऱ्या घालत ते प्रकृतीची चौकशी करीत. शहराला याची सवय झाली होती.

चौथे गिऱ्हाईक रविवारी सकाळी शहराजवळच्या गढ्याहून आले. त्यांचे नाव शालिग्राम. मूळचे अमरावतीकडचे, गढ्याला पिठाची गिरणी. स्थूल देह, पांढरे धोतर, डोक्याला पटका, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की मागे भिंत कोसळली तरी ते आधी हातातले पान संपवतील. त्यांनी मोटारसायकलीभोवती एक चक्कर मारली, वाकून वास घेतला आणि म्हणाले, “चालवून पाहू काय, पंत?”

गाळलेले वाक्य ते इथले. विष्णुपंतांच्या जिभेवर ते आले होते. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्यांनी ते वाक्य गिळले आणि त्याच्या जागी, अपराधी माणूस जसा गरजेपेक्षा जास्त उदार होतो तसे, म्हणाले, “अवश्य! टाकी काठोकाठ भरून ठेवली आहे. मन भरेपर्यंत चालवा.”

“चलो, मंग हे अमानत ठेवा.” शालिग्रामांनी आपले जोडे आणि छत्री विष्णुपंतांच्या हाती दिली, धोतराचा सोगा कमरेला खोचला, आणि अनवाणी पायाने एकच किक मारली.

गाडी सुरू झाली.

विष्णुपंत थक्क झाले. सहा वर्षांत ती गाडी उतारावरून चौघांनी ढकलल्याशिवाय सुरू झालेली नव्हती; त्या चौघांत समोरचे निवृत्त सब-जज्ज भय्यासाहेब हे कायमचे सभासद होते. तेही आपल्या व्हरांड्यातून उठून उभे राहिले.

घरासमोर मोकळे मैदान होते आणि त्याभोवती रस्ता. एक फेरी बरोबर तीन फर्लांगांची. पहिल्या फेरीत शालिग्राम फाटकावरून जाताना ओरडले, “लय मस्त धावून राहिली, पंत!” दुसऱ्या फेरीत नुसतेच हसले. चौथ्या फेरीपासून त्यांनी चौकशी सुरू केली. प्रश्न फाटकाशी सुटे; विष्णुपंत तोंड उघडेपर्यंत पाठ दिसे; म्हणून ते उत्तर जपून ठेवीत आणि पुढच्या फेरीला देत.

“घेऊन किती वर्षं झाले?”

(एक फेरी.)

“सहा!” विष्णुपंत ओरडले.

“गढ्याचा चढाव चढते काय?” त्याच क्षणी शालिग्राम ओरडले.

(एक फेरी.)

“आरामात! अगदी आरामात!”

“सहा खेपेत चढते म्हणता?”

(एक फेरी.)

“नाही, नाही! सहा वर्षे!”

“वापस यायलेही आरामातच काय?” आणि पुढच्या फेरीला, अत्यंत गंभीरपणे, “सहा वर्षं म्हणजे लय झाले, पंत!”

दहाव्या फेरीच्या सुमारास विष्णुपंतांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ते बोलायचेच विसरले. आपली मोटारसायकल धावताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. (दोनदा ती त्यांना न घेता गेली, तेव्हा ते जमिनीवर पालथे होते.) ती धावत असताना ते नेहमी तिच्यावर असत, आणि त्यांची नजर पुढच्या खुणेवर. आज प्रथमच ती त्यांच्यापासून दूर, मैदानाच्या पलीकडच्या कडेने, कोवळ्या उन्हात जात होती. वळणावर ती जराशी कलत होती, जशी घार पंख न हलवता कलते. तिचा आवाज त्यांनी आजवर खोकल्यासारखा ऐकला होता. आज तो एकसंध, खर्जातला, लांबवरून येणारा होता. तिच्यावर अडीच मणांचा गिरणीवाला पटक्याचा शेव उडवीत बसला होता, आणि तोही हलका दिसत होता. ‘हे माझे होते,’ असे विष्णुपंतांच्या मनात आले. भूतकाळ त्यांना घाई करून वापरल्यासारखा वाटला.

एव्हाना लोक जमले होते. भय्यासाहेबांनी खडू आणवून आपल्या फाटकाच्या खांबावर फेऱ्या मांडायला सुरुवात केली होती. एक टांगेवाला घोडा सोडून बघत होता. “वाह उस्ताद! ना हिलता है, ना डोलता है!” नर्मदेच्या ग्वारीघाटाहून स्नान करून परतणाऱ्या एका म्हातारीने विचारले, “काहे की परिक्रमा है, भैया?” कोणीतरी सांगितले, नवस आहे. तिने हातातली झेंडूची दोन फुले रस्त्याच्या कडेला ठेवली आणि पुढच्या फेरीला हात जोडले. शालिग्रामांनी चालत्या गाडीवरून मान लववून नमस्कार स्वीकारला.

“विष्णुपंत,” भय्यासाहेब भारावून म्हणाले, “तीस वर्षे मी माणसे पाहिली. इतका निश्चिंत माणूस फक्त निर्दोष सुटल्यावर पाहिला आहे.”

एकोणिसाव्या फेरीला म्हशी आल्या. अकरा म्हशी पाण्यावरून परतताना रस्ता अडवून उभ्या राहिल्या. विष्णुपंतांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हशी उभ्या होत्या तशाच उभ्या होत्या, आणि शालिग्राम पाचवी व सहावी यांच्यामधून पलीकडे गेलेले होते. गर्दीतून एक सुस्कारा उठला, जसा देवळात पडदा सरकल्यावर उठतो.

विनताबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “तुम्ही त्यांना सांगितले होते ना?”

“काय?”

“आधीच्या तिघांना सांगितलेत ते.”

विष्णुपंतांनी हातातल्या जोड्यांकडे पाहिले. जोडे नवे होते. त्यांना वाटले, गढ्याला या जोड्यांची वाट पाहणारे एक घर असेल.

“म्हणजे नाही सांगितले,” विनताबाई म्हणाल्या. “मग आता सांगा. अजून माणूस धड आहे.” आणि त्या आत निघून गेल्या.

विष्णुपंतांनी मनाशी आकडे मांडले. टाकीत दोन गॅलन. गॅलनला ऐंशी मैल. एकशे साठ मैलांचे बाराशे ऐंशी फर्लांग. म्हणजे चारशे सव्वीस फेऱ्या आणि वर दोन फर्लांग. मिनिटाला एक या वेगाने बिचारा माणूस दुपारी तीनपर्यंत फिरणार, उन्हात, उपाशी, पुन्हा येऊ शकणाऱ्या म्हशींमधून. आणि ते दोन फर्लांग फिरून, घरापासून एक फर्लांगावर बंद पडणार. त्याला तोटी सांगितली तर तो वाचेल. पण तोटी सांगायची म्हणजे दोष सांगायचा, तोही साठ-सत्तर लोकांपुढे, आणि दोष लपवला होता हेही सांगायचे. मग ही गाडीच काय, पंतांच्या हातची जुनी छत्रीसुद्धा या शहरात कोणी विकत घेणार नाही. आणि कचेरीत? ज्याने आपले वाक्य गाळले त्याने साक्षीदाराचे गाळले नसेल कशावरून?

यात बारा फेऱ्या गेल्या. (विचार करणाऱ्याला वेळ लागतो, फिरणाऱ्याला लागत नव्हता.)

बत्तिसाव्या फेरीला विष्णुपंत एका हातात जोडे आणि एका हातात छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

“शालिग्रामजी! एक सांगायचे राहिले!”

“सांगा की!” शालिग्राम त्यांना वळसा घालून गेले.

तेहतिसाव्या फेरीला: “ही गाडी थांबत नाही!”

“थांबायचं कोणाले हाय?”

चौतिसाव्या फेरीला विष्णुपंतांचा आवाज फाटला. “मी लपवले! मला ठाऊक होते, मी तुमच्यापासून लपवले! अपराध माझा आहे! टाकीखाली तोटी आहे, ती चिंचेपाशी...”

मोटारसायकल त्यांच्या पुढ्यात, जोड्यांपासून वीतभर अंतरावर, येऊन थांबली. इंजिनाने एक लहानसा उसासा टाकला आणि सर्वत्र शांत झाले. मैदानावरचे कावळे ऐकू येऊ लागले.

“काय म्हणत होते, पंत?” शालिग्रामांनी विचारले. “आवाजात समजून नाही राहिलं.”

विष्णुपंतांनी उलट विचारले, “तुम्ही... थांबलात कसे?”

“कसा म्हणजे? हे दाबलं.” शालिग्रामांनी डाव्या मुठीजवळची करंगळीएवढी दांडी दाखवली. “हे दाबलं का इंजिन चूप. सुरू करतानीही हेच दाबा लागते, मंग किक हलकी जाते. माझ्या गिरणीच्या इंजिनालेही असंच हाय. काहून? तुम्ही काय करत होते याचं?”

खरे सांगायचे तर विष्णुपंत त्या दांडीला भाजीची पिशवी अडकवीत. सहा वर्षे. पण एका दिवसात दोन कबुलीजबाब कोणाकडूनही मागू नयेत.

“मग इतक्या फेऱ्या?” त्यांनी क्षीण आवाजात विचारले. “चौतीस?”

“एकावन्न!” टांगेवाला म्हणाला.

“चौतीस,” भय्यासाहेबांनी खांब दाखवला.

“तुमीच म्हणाले ना, मन भरेस्तोवर चालवा?” शालिग्राम जोडे पायात सरकवत म्हणाले. “माझं मन कुठं भरून राहिलं होतं? तुम्ही रडकुंडीले आले म्हणून थांबलो. अच्छा, आता सांगा, काय लपवलं होतं तुमी?”

साठ-सत्तर लोक पुढे सरकले.

विष्णुपंतांनी वीस वर्षे इतरांच्या कबुल्या भाषांतरित केल्या होत्या. आपली त्यांनी फार थोड्या शब्दांत आटोपली. म्हणाले, “दोष आहे असे मला वाटत होते. दोष गाडीत नव्हता.”

भय्यासाहेबांनी पाठ वळवली. त्यांचे खांदे हलत होते. (पुढे ते म्हणाले की सहा वर्षे गाडी ढकलल्याचे श्रम आठवून त्यांना गहिवरून आले होते. तो गहिवर होता याबद्दल दुसरा साक्षीदार नाही.)

शालिग्रामांनी गाडी तिथेच, विष्णुपंतांनी सांगितलेल्या भावाला, घेतली. एका शब्दानेही घासाघीस केली नाही. “इतकं खरं बोलणारा मानूस मी पहिले नाही पाहिला,” ते म्हणाले, “अन् गरज नसतानी इतकं बोलणाराही नाही.” मग गाडीवर बसता बसता त्यांनी विचारले, “याच्यासंगं कंपनीचं पुस्तक येते ना? हाय काय?”

विष्णुपंतांना अशा पुस्तकाची आठवण नव्हती. विनताबाई आतून ते लगेच घेऊन आल्या. लगेच म्हणजे शोधावे लागणार नाही इतक्या लगेच. इंग्रजी, बत्तीस पानांचे, निळ्या पुठ्ठ्याचे. शालिग्रामांना इंग्रजी येत नव्हते, पण चित्रे पाहण्यासाठी त्यांनी ते चाळले, आणि नवव्या पानावर थांबून विष्णुपंतांपुढे धरले. त्या पानावर डाव्या मुठीचे चित्र होते. त्या लहान दांडीसमोर समासात शिसपेन्सिलीने केलेली एक स्वच्छ, बारीक खूण होती.

विष्णुपंत शाईखेरीज कशाने लिहीत नाहीत. त्या घरात शिसपेन्सिल एकच आहे, आणि ती कोणाच्या कानामागे असते हे नऊही मुली सांगू शकतात.

“ही खूण...” विष्णुपंत म्हणाले.

“जरा बाजूला होता का?” विनताबाई म्हणाल्या. “सतरंजी अंथरायची आहे.”

पुस्तक शालिग्रामांबरोबर गढ्याला गेले आणि आजही तिथल्या गिरणीत आहे. सांगणारीने ते स्वतः पाहिले आहे. खूण पेन्सिलीचीच आहे. फेऱ्या चालू असताना विनताबाई तेरा-चौदा मिनिटे आत होत्या, हे हकिकत सांगणाऱ्या तिघांनाही मान्य आहे. ती खूण त्या तेरा-चौदा मिनिटांतली, की सहा वर्षांपूर्वीची, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. विष्णुपंतांनी विचारलेले नाही.