वादीने मान डोलावली

न्याय आणि बँड या दोन्ही गोष्टी आगाऊ रक्कम भरल्याशिवाय येत नाहीत, आणि भरल्यावर येतीलच असा कायदा नाही. हे सत्य जाणत्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कारभारी लगडांना ते एकोणीसशे एकाहत्तरच्या वैशाखात, पोटच्या मुलीच्या लग्नात, ऐन गोरजमुहूर्तावर कळलं.

कारभारी हे कोरडवाहू भागातले, चार माणसांत ऊठबस असलेले शेतकरी. (नाव कारभारी असलं तरी घरचा कारभार पत्नी लंकाबाईंकडे होता. बारशाच्या वेळी लग्नाचा विचार कुणी करत नाही.) मुक्ता ही त्यांची एकुलती लेक. तिला देवळाली प्रवऱ्याच्या सूर्यभानरावांच्या घरात दिली होती. सूर्यभानराव पाटपाण्याखालचे, ऊसवाले. पाटपाण्याखालच्या माणसाला कोरडवाहू माणसाची प्रत्येक गोष्ट थोडी कमीच दिसते. त्यात त्याचा दोष नसतो. उभ्या उसातून पलीकडचं दिसत नाही, एवढंच. म्हणून वरात अशी वाजवायची, की देवळालीच्या लोकांनी नाव काढलं पाहिजे, असं कारभाऱ्यांनी ठरवलं. ते तालुक्याच्या गावी गेले आणि मच्छिंद्र मास्तरांच्या जयमल्हार ब्रास बँडला सुपारी देऊन आले. बँड ठरवताना मास्तरांच्या हातावर नोटांबरोबर एक खरीखुरी सुपारी ठेवायची, आणि त्या सगळ्याला मिळून सुपारीच म्हणायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. ठरले सव्वाशे रुपये, आगाऊ दिले पंचाहत्तर.

बँड आला नाही. मास्तरांनी त्या एका मुहूर्ताच्या पाच सुपाऱ्या घेतल्या होत्या. यात फसवणूक नव्हती. पाचांतलं एक लग्न हुंड्यावरून मोडतं, एकात सुतक निघतं आणि दोन ठिकाणी मानपानावरून मुहूर्त टळतो, असा मास्तरांचा आजवरचा अनुभव होता. त्या वर्षी तालुक्याची नीती अचानक सुधारली आणि पाचही लग्नं वेळेवर लागली. बँड अर्थातच जिथे जेवणात बुंदी होती तिथे गेला. मुक्ताची वरात गॅसबत्तीच्या सूंसूं आवाजावर निघाली. नवरदेवाच्या घोड्यालासुद्धा हे नवीन होतं. तो थांबून थांबून मागे बघत होता.

सूर्यभानराव त्या दिवशी काही बोलले नाहीत. ते आखाडात बोलले. कारभारी लेकीला माहेरी आणायला देवळालीला गेले, तेव्हा ओट्यावर पानाला चुना लावता लावता व्याह्यांनी विषय काढला.

"पावनं, बँड सांगितला हुता म्हन्ता?"

"पंच्याहत्तर रुपये रोख दिल्यात, सूर्यभानराव."

"दिलं असत्याल. बँड आला न्हाई की समद्यांनीच पैसं दिलेलं असत्यात. आदी त्याचं खरं-खोटं करा, मंग लेक न्या."

मुक्ता दाराआडून ऐकत होती. सासरच्या बायका तिला आता मुक्ता म्हणत नव्हत्या, मुकी म्हणत होत्या. वरात मुकी, म्हणून सून मुकी. हे कारभाऱ्यांना पाणी भरायला निघालेल्या एका बाईच्या हाकेवरून कळलं. ते एकटेच एसटीत बसून परत आले. पंचाहत्तर रुपये बुडाल्याचं दुःख त्यांना होतंच, पण ते दुःख मोजता येत होतं. दुसरं आतून पोखरत राहिलं आणि ते लंकाबाईंनाही सांगवेना.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आमच्या या तालुक्यात (तालुक्याचं नाव देत नाही, कारण अपिलाची मुदत अजून गेली नाही असं दोन्ही बाजूंच्या वकिलांना वाटतं) कोर्ट भाड्याच्या जुन्या सरकी गोदामात भरत असे. गोदामात बैलगाडी सरळ आत घेता यावी म्हणून त्याला पायरीच ठेवलेली नव्हती. त्यामुळे या तालुक्यातले शहाणेसुद्धा बिनदिक्कत कोर्टात येत, आणि राज्यातल्या इतर तालुक्यांपेक्षा इथे दाव्यांची संख्या जास्त होती. कारभारीही असेच सपाटीवरून चालत आत गेले.

दावा स्मॉल कॉजचा, म्हणजे किरकोळ रकमेचा. किरकोळ रकमेच्या दाव्यात न्याय झटपट मिळावा, अशी कायद्याची इच्छा असते. इच्छा चांगली आहे, आणि कायद्याने ती अजून सोडलेली नाही. कारभाऱ्यांनी आबासाहेब वकील लावले. कोर्ट फीचा स्टॅम्प, वकीलपत्र, समन्सचा भत्ता, वकिलांच्या कारकुनाचं पान आणि वाट बघणाऱ्या साक्षीदारांची भेळ या पाच खात्यांवर दाव्याचा संसार चालू झाला. पंचाहत्तर रुपये वसूल करायला एकूण किती खर्च आला, तो आकडा इथे देत नाही. लंकाबाई हयात आहेत.

प्रतिवादी मच्छिंद्र मास्तरांनी बचाव मोठा सरळ घेतला. आगाऊ रक्कम घेताना तिकीट लावून दिलेल्या पावतीवर त्यांच्या अक्षरात 'सुपारी पोचली' एवढंच होतं. ते म्हणाले, "व्हय, पोचली की. एक हुती. खाल्ली."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वादीचं नुकसान एका सुपारीचं होतं, आणि ती परत करायला ते तयार होते. कोर्टात त्यांनी ती कागदात बांधून आणलीही होती. कोर्टाने या मुद्द्यावर तीन तारखा खर्च केल्या. शेवटी न्यायाधीश साहेबांनी असा निष्कर्ष काढला, की चार पैशांच्या सुपारीच्या पावतीवर दहा पैशांचं तिकीट लावणारा धंदेवाईक या जिल्ह्यात जन्माला आलेला नाही. सबब ही सुपारी खाण्याची नसून द्यायची होती. पंचाहत्तर रुपये आणि खर्च मिळून कारभाऱ्यांच्या बाजूने हुकूमनामा झाला. मास्तरांनी कागदातली सुपारी तिथेच फोडून निम्मी वादीला दिली. मनात आकस नव्हता.

कारभारी पेढे घेऊन देवळालीला गेले. सूर्यभानरावांनी हुकूमनाम्याची नक्कल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली.

"निकाल झाला. पैसं आलं का?"

"पैसं अजून न्हाई."

"मंग? दिलं असतं तर परत नसतं का आलं?"

पेढे मुलांनी खाल्ले. मुक्ताने वडिलांना तांब्याभर पाणी दिलं आणि आईची चौकशी केली. त्यापलीकडे बोलायला तिला सवड मिळाली नाही.

पैसे मिळावेत असा निकाल लागणं आणि पैसे मिळणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे सामान्य माणसाला उशिरा समजतं. निकालानंतर बजावणीसाठी दरखास्त द्यावी लागते. दरखास्त म्हणजे, मागच्या वेळी जे मागितलं आणि कोर्टाने जे दिलं, ते आता खरंच द्या, अशी नम्र विनंती. कारभाऱ्यांनी ती दिली. तोवर बहात्तरचा दुष्काळ पडला. लग्नं थांबली आणि बँड थांबला. वाजवणारे सगळे सरकारी कामावर खडी फोडायला गेले. दरखास्त मात्र थांबली नाही. तिला पाणी लागत नाही.

बेलिफ जप्तीला गेले. मास्तरांच्या घरात त्यांना एक मोठा ढोल, दोन कर्णे, एक पिपाणी आणि जरीच्या काठाचे लाल कोट सापडले. मास्तरांच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. अंगावरचे कपडे जप्त करता येत नाहीत, आणि मास्तरांच्या घरातली माणसं दुष्काळापासून कोटच घालत होती. ढोलात रेशनची लाल मिलो ज्वारी भरून ठेवलेली होती, सबब ते स्वयंपाकघरातलं भांडं. तेही कायद्याने सुटतं. राहिले कर्णे आणि पिपाणी. कारागिराची हत्यारं कायदा जप्त करू देत नाही, असं वकिलांचं म्हणणं.

न्यायाधीश साहेब विचारी गृहस्थ होते. त्यांनी मुद्दा काढला : प्रतिवादी हा कारागीर आहे काय? आणि हुकूम केला, की पुढच्या तारखेला प्रतिवादीने संपूर्ण बँडसह हजर राहून वाजवून दाखवावे.

आबासाहेब वकील खूश झाले. त्यांनी कारभाऱ्यांना बाजूला घेऊन समजावलं, "नीट ऐका. त्यांनी चांगलं वाजवलं तर ते कारागीर ठरतील आणि आपलं गेलं. वाईट वाजवलं तर जप्ती होईल. तेव्हा कितीही गोड वाजवू देत, तुम्ही तोंड वाकडं करून बसायचं. आणि येताना व्याह्यांना साक्षीला आणा. वरातीत बँड नव्हता, हे त्यांच्याच तोंडून आलेलं बरं."

सूर्यभानराव आले. व्याह्याचा खोटेपणा सरकारी इमारतीत उघडा पडताना बघायला मिळणार असेल, तर एसटीचं भाडं कुणीही सोसतं. मुक्ताही सोबत आली होती. तिला माहेरच्या एसटीत बसवायचं की परत न्यायचं, हे आज ठरणार होतं. ती बाहेर लिंबाखाली बायकांत बसली. खडीच्या कामावरची हजेरी बुडवून बँडवालेही आले. हातांना घट्टे पडलेले, ओठ फुटलेले, पण अंगात लाल कोट. ढोलातली मिलो एका धोतरावर ओतून काढली. थोडी आतच राहिली, ती ढोल हलवला की खुळखुळत होती.

आबासाहेबांनी सूर्यभानरावांची साक्ष सुरू केली. वरातीत बँड नव्हता, हे त्यांनी खड्या आवाजात सांगितलं. मग आबासाहेबांनी ठरल्याबाहेरचा एक प्रश्न टाकला.

"आणि वादीने बँडची सुपारी खरोखर दिली होती, हे तुम्हाला आता मान्य आहे काय?"

सूर्यभानरावांनी फेटा सारखा केला. साहेब म्हणाले, "उत्तर द्या." तेवढ्यात दारातल्या पट्टेवाल्याने तोंडावरची माशी हाकलली, आणि बाहेर तयारीत उभ्या असलेल्या मास्तरांना वाटलं, आपल्याला खूण झाली.

त्यांनी पाठवणीचं गाणं धरलं. दोन वर्षांपूर्वी कारभाऱ्यांनी त्यांना मुद्दाम सांगितलं होतं, तेच. पिपाणी आधी चाचपडली, मग लागली. कर्ण्यांनी तिला वर उचललं. खडी फोडलेल्या हातांनी ढोल असा घुमवला, की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दुष्काळात वर्षभर कुणी काही वाजलेलं ऐकलं नव्हतं. कारभाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. बराच वेळ वाकडं धरून ठेवलं. मग त्यांना दारातून लिंबाखाली बसलेली लेक दिसली. तिने पदर तोंडाला लावला होता. कारभाऱ्यांचं तोंड सरळ झालं, डोळे भरले आणि मान आपोआप डोलायला लागली. साक्षीच्या पिंजऱ्यात सूर्यभानरावांचा फेटाही लयीत पुढेमागे होत होता.

कारकून आपल्या कामात चोख होते. त्यांनी रोजनाम्यात लिहिलं, 'वादीने मान डोलावली. साक्षीदाराने मान डोलावली.'

पुढचं सगळं कायद्यानेच झालं. प्रतिवादीला वाजवता येतं, सबब तो कारागीर आहे, हत्यारं मोकळी. जे गाणं ठरलं होतं ते वादीच्या समक्ष वाजलं आणि वादीने मान डोलावून पसंती दिली, सबब सेवा पोचली; पंचाहत्तर रुपये फिटले. मुळात ठरले होते सव्वाशे, सबब उरलेले पन्नास वादीने प्रतिवादीला द्यावेत. तसंच सुपारी दिली होती काय, या प्रश्नाला साक्षीदाराने मान डोलावून होकार दिला आहे, त्याचीही नोंद करण्यात येते.

"सायेब, मी बँडाला डोललो," सूर्यभानराव म्हणाले.

"नोंद झालेली आहे," साहेब म्हणाले.

आबासाहेब अपिलाच्या गोष्टी करू लागले. कारभारी त्यांना नको म्हणाले. बाहेर लिंबाखाली सूर्यभानराव बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या त्यांच्या पायातच होत्या.

"पावनं, लिवलेलं खोडता येत न्हाई म्हन्त्यात."

"न्हाई येत."

"मंग न्या लेक. आखाड काढून लावून द्या." मग पायातल्या चपलांकडे बघत ते म्हणाले, "पर लई ग्वाड वाजीवलं त्यांनी."

मुक्ता महिनाभर माहेरी राहिली. सासरी परतली तेव्हा तिला कुणी मुकी म्हणालं नाही. सासऱ्याच्या नावावर कोर्टात नोंद होती. कारभाऱ्यांनी पन्नास रुपये हप्त्याहप्त्याने फेडले. शेवटच्या हप्त्याला मास्तरांनी तिकीट लावून पावती दिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सुपारी पोचली.' कारभाऱ्यांनी ती वाचली, आणि वाचताना मान अगदी ताठ ठेवली.

वाचकांनी एवढी काळजी घेतलेली दिसली नाही. वर दोन-तीन ठिकाणी आपण मान डोलावलीत, ती कारकुनाने टिपून घेतली आहे. सबब शिंप्याकडे, गवंड्याकडे, बँडवाल्याकडे किंवा आणखी कुणाकडे आपलं जे काही येणं असेल, ते फिटलं असं समजून आपण घरी जावं. आपल्याकडे काही बाकी निघत असेल, तर समन्स येईल.