दाजींनी वाचवलेला वेळ

माझे दाजी बनियन घालून आंघोळ करतात. आधी बनियनला साबण, मग त्याच फेसात अंगाला. वरून चार तांबे ओतले की माणूस आणि कपडा एकदमच स्वच्छ. "धुण्याचा टाइम वाचला का न्हाई, पाव्हणं?" असं ते मला, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याला, अभिमानानं विचारतात. मीही जालन्याला घरी हा प्रयोग करून पाहिला. ओलं बनियन डोक्यात अडकलं आणि बायकोला हाक मारावी लागली. ती म्हणाली, "वेळ वाचला, का अजून वाचवायचाय?"

दाजी बदनापूरला राहतात. बियाण्यांच्या एका कंपनीत पाकिटं भरायच्या लाइनीवर मुकादम होते. रिटायर झाले आणि ती लाइन घरी घेऊन आले. चहाच्या पाण्यातच अंडी उकडतात. एका पायाला ओलं फडकं बांधून घर झाडतात. "पुढं झाडू, मागं पोछा. एका फेरीत दोन कामं, बराबर?" पाहणाऱ्याला वाटावं, माणूस लंगडत लंगडत कुणाला तरी हाकलतोय.

हसू येतं, पण घरात दुसरं करणार कोण? गेल्या दिवाळीनंतर माझ्या अक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जी काही वाचा यायची ती वर्षभरात येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आता दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय.

"एवढा वेळ वाचवून करता काय, दाजी?" मी एकदा विचारलं.

"लागतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता बोलण्यातही काटकसर सुरू झाली.

परवाच्या रविवारी गेलो. अक्काची विचारपूस करायची, चहा घ्यायचा आणि अकराच्या गाडीनं परत, असा माझा नेहमीचा झटपट बेत. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो, तर दाजी रिकाम्या हातानं दाराआड, भिंतीला पाठ लावून उभे. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"हळू बोला. ती हाक मारती का बघून राह्यलो," ते पुटपुटले. "पाणी जरा लांब ठेवलंय तिच्यापासून."

"रोज?"

"रोज सकाळी तासभर. बाकीचं जल्दी उरकून."

"मंग? आली?"

दाजींनी नकारार्थी मान हलवली. "नाव तिनं माझं कधी घेतलंच न्हाई, पाव्हणं. अडतीस वर्षं नुसतं 'आवो'. तेवढंच मागून राह्यलो. आवो. त्याला काय, तोंड उघडलं की निघतंय."

आम्ही दोघे उभे राहिलो. बाहेरच्या खोलीत खाट करकरली. घशातून ओढून काढलेला एक श्वास ऐकू आला. पुढं काही नाही. मग डाव्या हातातल्या बांगड्या खाटेच्या लाकडावर वाजू लागल्या. मी तिच्याकडे निघालो, तर दाजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

बांगड्या पुन्हा वाजल्या. मग हळू झाल्या. मग थांबल्या.

दाजी आणखी थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"आलो, आलो!" ते मोठ्यानं म्हणाले आणि पाणी पाजायला बाहेर गेले.